तिसरा टाका

सोन्याची तार पॅडला टेकली, तार चिकटवणाऱ्या बाँडरने त्याचा तो बारीक ‘चिक्’ आवाज केला, मी सुई वर घेतली, आणि तार सुईबरोबर वर आली.

बसली नव्हती.

मायक्रोस्कोपवरून डोळे न उचलता मी हळूच श्वास सोडला. तार केसाच्या चौथाईएवढी. आणि चिपवरचं ते पॅड, म्हणजे तार जिथे चिकटवायची ती सोन्याची टिकली, मोहरीच्या दाण्याचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी. त्या टिकलीच्या मधोमध आता माझ्या फसलेल्या टाक्याचा चट्टा उमटला होता. आणि चिप शेवटची होती.

मी दुसरी तार ओढली. चट्टा टाळून टिकलीच्या अगदी कडेला टेकवली. ‘चिक्.’ ही बसली. जरा तिरकी गेली, कमान थोडी उंच झाली, पण घट्ट बसली.

तेवढ्यात क्लीनरूमचं दार उघडून सारंग बिडकर आत आला. त्या चिपचं डिझाईन त्याचं. एकतीस वर्षांचा, घरी चार महिन्यांची मुलगी, त्यामुळे मास्कच्या वर जे डोळे दिसायचे ते कायम तांबारलेले.

“ताई, बसली? पहिल्याच टाक्यात ना?”

माझं तेव्हा सकाळचं मौन असे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन निघाले की दुपारच्या डब्यापर्यंत बोलायचं नाही, हा नेम मी एका चातुर्मासात आमच्या साध्वी, आर्यिका माताजींकडून घेतला होता आणि अकरा वर्षं पाळत होते. केंद्रात सगळ्यांना तो ठाऊक होता. कामाचं काही सांगायचं असलं तर मी वहीत लिहून दाखवत असे.

वही माझ्या उजव्या हाताशी होती. पेन्सिल तिच्यावरच ठेवलेली.

मी मान डोलावली.

“देव पावला,” सारंग म्हणाला, आणि चिपचा डबा दोन्ही हातांत धरून, तुपाने भरलेली वाटी न्यावी तसा घेऊन गेला.

ही चौदा वर्षांपूर्वीची डिसेंबरातली बुधवारची सकाळ. पुण्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमचं संशोधन केंद्र होतं, आणि त्यातला आमचा गट सगळ्यात लहान. मी त्रिशला मगदूम, तारा लावणारी. शिक्षण डिप्लोमापुरतं. त्याआधीची नऊ वर्षं उपग्रहाच्या कामात तारा लावण्यातच गेलेली. गटाच्या प्रमुख डॉ. वृंदा शिरोडकर. मूळच्या गोव्याच्या, बोलणं ठसक्याचं, चालणं भरभर. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्या टेबलाशी आल्या, आपला डबा मागे धरला आणि म्हणाल्या, “ताई, मी पलीकडे बसते हां. माझ्या डब्यात समुद्र आहे.” तेव्हापासून पाच वर्षं त्या रोज पलीकडे बसत आणि तिथून मोठ्याने माझ्याशी गप्पा मारत.

त्यांनी ठरवलं होतं एकशे चाळीस गिगाहर्ट्झ. ते काय हे त्यांनी मला असं सांगितलं होतं.

“सध्याचे मोबाईल ज्या लहरींवर चालतात ना ताई, तो गावातला जुना रस्ता. अरुंद, आणि सगळे त्याच्यावरच. वर डोंगरावर पठार मोकळं पडलंय. कितीही गाड्या न्या, कोणी आडवं येणार नाही. फक्त तिथे चढेल अशी गाडी नाही. ती आपण करायची.”

“आणि ती लहर केवढी, मॅडम?”

“दोन मिलिमीटर. तांदळाची कणी असते ना, तेवढी.”

दुसऱ्या गटांतले लोक त्यांना मागून ‘कणीवाल्या बाई’ म्हणत. एवढ्या वरच्या लहरी भिंतीतून जात नाहीत, पावसात विरतात, घ्यायच्या कोणी, असं त्यांचं म्हणणं. मॅडमना हे नाव कळलं तेव्हा त्यांनी आपल्या टेबलावर काचेच्या बरणीत तांदळाची कणी भरून ठेवली. कोणी वाद घालायला आलं की बरणी पुढे सरकवत.

चिपा बाहेरच्या देशातल्या कारखान्यातून करून आणाव्या लागत. चौदा महिने वाट पाहिल्यावर तीन आल्या. पहिलीचा कोपरा प्रवासातच उडालेला. दुसरी चाचणीत जळली. उरली ही तिसरी. गुरुवारी अकरा वाजता समिती येणार होती. आमच्या गच्चीवरून पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सहाशे मीटर चित्र पाठवून दाखवलं, तर काम पुढे चालू. नाहीतर गट मोडून दुसऱ्या विभागात घालायचा, आणि एकशे चाळीसचं दप्तर बांधून कपाटात. हे कागदावर लिहून आलेलं होतं.

दुपारी साडेतीनला मोजणीच्या खोलीतून इम्तियाज बागवानचा आवाज आला. हा सोलापूरचा. मोजमाप सगळं त्याच्याकडे.

“या ओ सारंगराव, बघा तुमचं लेकरू! एकशे चाळीसला गाढ झोपलंय, अन् एकशे एकतीसला नाचतंय!”

पडद्यावरची रेघ मलाही वाचता येई. डोंगर होता, पण नको त्या गावात. चिप चालत होती. नऊ गिगाहर्ट्झ खाली चालत होती, म्हणजे आमच्या कामाला शून्य.

सारंग पांढरा पडला. “तुझं कॅलिब्रेशन चुकलंय.”

“माझं? आधी डिझाईन बघ की तुझं.”

“सिम्युलेशनमध्ये बरोबर एकशे चाळीसला आहे!”

“सिम्युलेशनमध्ये मी पण हिरो आहे, राव.”

“त्या पॉवर सप्लायने दुसरी चिप जाळलीस, आता तिसरी…”

“जाळलीस? मी जाळली? परत बोल!”

मी दाराशी उभी होते. मौन सुटून दोन तास झाले होते. तोंडातून शब्द निघाला नाही. उपग्रहाच्या कामात तार थोडी लांब ठेवायचीच असते, उन्हा-थंडीत ताण येऊन तुटू नये म्हणून, आणि तिथल्या लहरी संथ असल्यामुळे चालूनही जातं. मी स्वतःला सांगत होते की केसाच्या जाडीएवढ्या फरकाने काय होणार. पण कणी केवढी असते हे मला माहीत होतं.

मॅडम आल्या. पडदा पाहिला. दोघांकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि भलतंच विचारलं.

“त्रिशलाताई, मागे मी तुम्हाला सोडायला आले होते, तेव्हा बस्तीच्या ओट्यावर थांबले होते बघा. तुम्ही आत काहीतरी म्हणत होतात. दिवसभराचं.”

“आलोचना,” मी म्हणाले.

“त्याचे नियम काय असतात?”

“दिवसात आपल्या हातून जे चुकलं ते आठवायचं, मॅडम. सकाळपासून क्रमाने. फक्त स्वतःचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. कारण सांगायचं नाही.”

“कोणासमोर सांगायचं?”

“गुरूसमोर. ते नसतील तर देवासमोर.”

“इथं दोन्ही नाहीत मॅडम,” इम्तियाज म्हणाला. “मायक्रोस्कोप चालतो का बघा.”

“चालेल,” मॅडम म्हणाल्या. “बसा सगळे. उद्या अकराला समिती आहे. एकमेकांचं सांगत बसलो तर अकरा इथेच वाजतील. या चिपांना हात लागल्यापासून आपापलं काय चुकलं, तेवढंच बोलायचं. ताईंच्या नियमाने. मी आधी बोलते.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“दुसरी चिप मी जाळली.”

सारंगने इम्तियाजकडे पाहिलं.

“तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी. एकटीच आले होते. आधी चिपच्या गेटला व्होल्टेज द्यायचं, मग ड्रेनला, हे मी पंचवीस वर्षं शिकवतेय. त्या दिवशी उलट दिलं. एका क्षणात गेली. सोमवारी नोंदवहीत मी ‘कारण अज्ञात’ असं लिहिलं. ते अज्ञात नव्हतं.”

इम्तियाज उभा राहिला. त्याच्या कानशिलावरची शीर मला दिसत होती.

“तीन आठवडे मी त्या पॉवर सप्लायची कुंडली मांडून बसलोय, मॅडम. दोनदा उघडला. घरी बायको म्हणते, झोपेत व्होल्टेज बडबडता.”

“हो.”

“तुम्ही रोज विचारायचात, सापडलं का काही.”

“हो. विचारायचे.”

मला वाटलं, आता त्या काहीतरी पुढे सांगतील. वरचा ताण, आईचं आजारपण, थकवा. सगळं खरंच होतं, आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी नियम पाळला. एकही कारण दिलं नाही. चष्मा हातातच धरून इम्तियाजसमोर बसून राहिल्या. माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेली, परदेशात नाव असलेली बाई, आणि तिने पदर पसरावा तसे हात मांडीवर उताणे ठेवले होते.

इम्तियाज खाली बसला.

“माझं सांगतो,” तो म्हणाला. आवाज उतरला होता. “आज जेवणानंतर कॅलिब्रेशन परत करायला पाहिजे होतं. सकाळचंच वापरलं. कंटाळा केला.” आणि लगेच, “कंटाळा हे कारण झालं का ताई? मग खोडा ते.”

सारंग म्हणाला, “मी तारेची लांबी एकशे वीस मायक्रॉन धरली. तेवढीच. थोडी कमीजास्त झाली तर काय होईल, हे तपासलंच नाही. आणि तार लागल्यावर स्वतः मोजली नाही. विचारलं फक्त.”

सगळे माझ्याकडे वळले. कोणी संशयाने नाही. माझी पाळी होती म्हणून.

“पहिला टाका बसला नव्हता,” मी म्हणाले.

सारंगने मान वर केली.

“मी दुसरा घातला. कडेला. तार तिरकी गेली आणि उंच झाली. सारंगने विचारलं, पहिल्याच टाक्यात का. वही हाताशी होती. मी मान डोलावली.”

पुढचं सांगायचं राहिलं होतं.

“साडेतीनला पडद्यावर पाहिलं तेव्हाच मला कळलं. तेव्हा माझं मौन सुटलेलं होतं.”

सारंगने एकदम कागद ओढला.

“किती लांब झाली असेल ताई? अंदाजे?”

“दोनशेच्या पुढे. दोनशे दहा धर.”

तो संगणकाकडे धावला. आकडा घातला. डोंगर हळूहळू डावीकडे सरकला आणि येऊन थांबला. एकशे एकतीस आणि थोडं.

“बरोबर आहे!” सारंग ओरडला. “माझं डिझाईन बरोबर आहे! ताई, माझं डिझाईन बरोबर आहे!” आणि त्याने माझे दोन्ही हात धरून हलवले. मी त्याच्या शेवटच्या चिपवर चूक केली होती, त्याच्याशी खोटी वागले होते, आणि तो मला पेढा द्यायचा तेवढा राहिला होता.

“नाचू नका,” मॅडम म्हणाल्या. “ताई, तार काढून परत लावता येईल?”

“लावायची तर मधोमध लावावी लागेल. तिथे पहिल्या टाक्याचा चट्टा आहे. त्याच्यावरच तिसरा घालायचा. उपग्रहाच्या कामात असं करत नाहीत. टिकली सोलून निघू शकते.”

“निघाली तर?”

“तर संपलं.”

“आणि बसली तर?”

“किती दिवस टिकेल सांगता येत नाही.”

“दुसरं कोणी लावेल का?” मीच पुढे विचारलं. “माझ्या हातावर आज…”

“तुम्हीच,” मॅडम म्हणाल्या. सारंग उठलाच होता, डबा हातात. इम्तियाज बाँडर तापवायला निघाला. मॅडमनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. “थांबा. सूर्यास्त किती वाजता आहे आज?”

“पाच एकोणसाठ,” इम्तियाजने वाचलं. “का ओ?”

“आता पाच पंचवीस झालेत. ताई दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. तार लावायला घेतली तर सात वाजतील. त्या उपाशी राहतील उद्या सकाळपर्यंत.”

“मॅडम, चालेल मला,” मी म्हणाले. “उपास नवा नाही.”

“तुम्हाला चालेल. माझ्या चिपला चालणार नाही. उपाशी हात थरथरतो. जा, डबा काढा.”

समितीला सतरा तास उरले होते. आणि त्या तिघांनी, एक चिप उघड्या डब्यात ठेवून, माझी भाकरी संपायची वाट पाहिली. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याच टेबलाशी येऊन बसल्या. त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही. मी घाईघाईने घास घेऊ लागले तर म्हणाल्या, “सावकाश. तेहतीस मिनिटं आपली आहेत.” दोडक्याची भाजी होती. मला चव लागली नाही. पण पोटात अन्न गेल्यावर बोटं खरंच शांत झाली.

आत मी एकटी गेले. मॅडम काचेबाहेर उभ्या राहिल्या, पाठ करून. नंतर सारंगने सांगितलं, त्या पूर्ण वेळ टेकडीकडेच पाहत होत्या.

मी जुनी तार काढली. चट्टा पुन्हा दिसला. सुई त्याच्यावर आणली. माझी चूक जिथे होती तिथेच, चुकवून नाही, बरोबर तिच्या डोक्यावर टेकवायची होती. दाब नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवला, वेळ थोडा जास्त. ‘चिक्.’ सुई उचलली. तार तिथेच राहिली. दुसरं टोक नीट आखून, सरळ, बुटक्या कमानीने उतरवलं. मोजली. एकशे बावीस.

दार उघडून मी बाहेर आले आणि सगळ्यात आधी म्हणाले, “पॅडची कड अगदी किंचित उचललीय. दाखवते.”

मॅडमनी येऊन पाहिली. “लिहून ठेवते,” म्हणाल्या.

त्या रात्री घरी आलोचना म्हणायला बसले तेव्हा सांगायला काही उरलं नव्हतं, म्हणून आसनावरून लवकर उठले.

गुरुवारी समितीत तिघं होते. बोलणारे एकच, अध्यक्ष डॉ. देवस्थळी. सत्तरीचे, आयुष्य रडारच्या कामात गेलेलं, कानाला यंत्र, नजर मात्र चरचरीत. इम्तियाजला आम्ही पलीकडे पाण्याच्या टाकीवर कॅमेऱ्यासमोर उभा केला होता. अकरा दहाला सारंगने बटण दाबलं आणि पडद्यावर इम्तियाज आला. इतका स्पष्ट की कानावरचे केस मोजावेत. हलू नकोस असं त्याला बजावलं होतं. तो श्वासही घेत नव्हता. मग त्याच्या नाकावर माशी बसली.

देवस्थळी हसले. बाकीचे दोघं टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

“हा तुमचा अहवाल,” ते मॅडमना म्हणाले. “चाळीस वर्षं अहवाल वाचतोय. शेवटच्या पानावर ‘आमच्या चुका’ असं कोणी लिहिलेलं पाहिलं नाही. पहिली ओळ, ‘दुसरी चिप गटप्रमुखाच्या हातून जळली.’ हे कशाला लिहिलंत? चित्र तर दिसतंय.”

“चित्र आज दिसतंय, सर. ती तार तिसऱ्या टाक्यावर उभी आहे. पॅडची कड उचललेली आहे. कधीही सुटेल. तुम्ही पुढच्या तीन वर्षांचा निर्णय घेणार, तर कशाच्या भरवशावर घेताय हे तुम्हाला कळायला हवं.”

“तिसरा टाका का लागला? पहिले दोन कोणी घालवले?”

“माझ्या गटात गेले.”

“नाव विचारतोय मी.”

“ते ज्याचं त्याने सांगायचं, सर. आमच्याकडे तसा नियम आहे. माझं मी पहिल्या ओळीत लिहिलंय.”

देवस्थळींचा चेहरा कडक झाला. “समितीसमोर तुम्ही नाव लपवताय?”

मी भिंतीशी होते, चहाच्या ट्रेजवळ. सकाळचे साडेअकरा. माझं मौन होतं. अकरा वर्षांत एकदाही मोडलेलं नाही, माझ्या सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा नाही.

“मी घालवले,” मी म्हणाले.

मॅडमनी झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यांना वेळ ठाऊक होती.

“पहिला बसला नाही. दुसरा वेडावाकडा घातला आणि सांगितलं नाही. तिसरा यांनी मलाच घालायला दिला.”

देवस्थळींनी कानातलं यंत्र नीट केलं. माझा आवाज लहान आहे. मला वाटलं पुन्हा सांगावं लागणार.

“दाखवा ती तार,” ते म्हणाले.

मायक्रोस्कोपवर ते बराच वेळ वाकून होते. सरळ झाले आणि चहा न घेता गेले. निर्णय कळवू, एवढंच.

त्या रविवारी मी माताजींकडे गेले. दोन गोष्टी सांगितल्या. मौनात मान डोलावून खोटं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मौन मोडून खरं सांगितलं. माताजींनी सगळं ऐकून घेतलं. प्रायश्चित्त म्हणून एक उपास दिला, तो मान डोलावल्याचा. बोलल्याचा काही दिला नाही.

तार नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी, शनिवारी सकाळी, इम्तियाजने यंत्र सुरू केलं आणि रेघ सपाट झाली. मी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. टिकली सोलून आली होती, तारेसकट. मंजुरीचं पत्र अजून यायचं होतं.

मॅडमनी पाहिलं, आणि तिथूनच फोन लावला. आम्हाला बाहेर जायला सांगितलं नाही. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलावर ठेवला.

“देवस्थळी.”

“सर, वृंदा शिरोडकर. ती तार सुटली.”

“कधी?”

“वीस मिनिटं झाली.”

पलीकडून कागदाचा आवाज आला.

“पत्रावर माझी सही काल झाली. पाकीट अजून माझ्या टेबलावर आहे. हे माहीत होतं तुम्हाला?”

“नाही सर.”

“तुम्ही आज थांबून येत्या मंगळवारी फोन केला असतात तर ते तुमच्या हातात असतं.”

“हो सर.”

“मग?”

“मंगळवारी मला ‘वीस मिनिटं झाली’ असं सांगता आलं नसतं.”

सारंगने डोळे मिटून घेतले. इम्तियाज दारात उभा, एक हात चौकटीवर. पलीकडे देवस्थळी कोणालातरी म्हणत होते, “थांब रे, ते पाकीट नेऊ नकोस. इकडे आण.” मी ते ऐकलं आणि पदराचं टोक मुठीत धरलं. पाच वर्षं, चौदा महिन्यांची ती वाट, ती बरणी. पाकीट फोडल्याचा आवाज आला. मग पेन कागदावर चालल्याचा.

“शिरोडकर, या पत्रात पुढच्या खेपेला सहा चिपा लिहिल्यात.”

“हो सर. आम्ही सहाच मागितल्या होत्या.”

“सहा पुरत नाहीत. मी बारा केल्यात. बाजूला सही करतोय.”

मॅडम फोनजवळ वाकल्या. “सर… बारा कशाला?”

“अहो, तुमच्याकडची माणसं खरं बोलतात,” देवस्थळी म्हणाले. “बिघडली की बिघडली म्हणतात. अशांना चिपा जास्त लागतात.”